कडेचे अण्णा

अण्णांच्या कोटाचा डावा खिसा कायम चिंचोक्यांनी फुगलेला असायचा. पेठेतल्या हमरस्त्याच्या कडेला ते तासन्‌तास उभे राहत. समोरून माणूस पायी गेला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा आणि गाडी गेली की हातातल्या सुतळीला एक गाठ पडायची. अण्णा आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर होते, पण पेठेत त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नसे. रस्त्याच्या मधून चालणाऱ्या प्रत्येकाला ते "कडेनं चला, कडेनं" असं सांगत फिरायचे, म्हणून ते कडेचे अण्णा. त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं निम्म्या पेठेचं मत होतं. सुरुवातीला माझंही तेच होतं.

मी मुलींच्या शाळेत नवीनच लागले होते. एके दिवशी तिसऱ्या तासाला हे गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या किती मुली रस्ता ओलांडून येतात?"

मी म्हटलं, "हजेरीपटात तसला रकाना नाही."

"मग आखा एक," म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. तास संपेपर्यंत हलले नाहीत. शेवटी मुलींना हात वर करायला लावून मी मोजल्या. दोन सोडून सगळ्याच निघाल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

लढाईचे दिवस होते. भिंगारच्या छावणीतून लष्करी ट्रक सुटायचे ते आमच्या पेठेतून तिसगावच्या अंगाला जायचे, आणि आमच्या शाळेपाशी रस्त्याला मोठं वळण होतं. दुकानदारांच्या फळ्या पार रस्त्यात आलेल्या, त्यांच्यापुढे सोडलेल्या बैलगाड्या. उरलेल्या जागेतून सायकली, शेरडं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया आणि माझ्या मुली. आदल्या वर्षी एक म्हातारी कासारीण तिथेच ट्रकखाली गेली होती. तिची वेळ भरली होती, असं लोक म्हणाले आणि विसरले. अण्णांपुढे हे वाक्य उच्चारायची सोय नव्हती. "वेळ भरली नव्हती, रस्ता भरला होता," असं ते तोडून टाकायचे.

त्यांनी नकाशा काढला होता. तो आधी माझ्या टेबलावर पसरला, मग कमिटीपुढे नेला. दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट पायी चालणाऱ्यांना, गाड्या सोडायला पेठेबाहेर मोकळं मैदान, आणि वळणावर रस्ता मुद्दाम निमुळता. अध्यक्ष हसले. "अण्णा, लोक रस्ते रुंद करतात, तुम्ही अरुंद करताय?"

"हो. रुंद रस्त्यावर ड्रायव्हरला वाटतं, जगात आपण एकटेच आहोत."

सिमेंट नाही, लोखंड नाही, लढाई संपू दे, असं म्हणत कमिटीनं नकाशा कपाटात टाकला. अण्णांनी फक्त खाणीतले टाकाऊ दगड मागितले. ते मात्र मिळाले. गुडघ्याएवढे दगड त्यांनी वळणावर ओळीनं पुरले, दुकानांपासून बरोबर सहा फूट सोडून. त्यांना चुना फासला, म्हणजे ट्रकवाल्याला लांबून दिसावेत. झालं, पायी चालणाऱ्यांना कड मिळाली.

महिनाभरात फरक दिसायला लागला. माझ्या वर्गात ठकू नावाची मुलगी होती. तिची आई साळूबाई गावाबाहेरच्या मळ्यातून तिला रोज पोचवायला यायची. मनगट घट्ट आवळून आणायची, इतकं की वर्गात बसली तरी ठकूच्या हातावर आईची बोटं दिसायची. ती एकदा अण्णांना म्हणाली, "अण्णा, पोरीचा हात सोडून चालतीया मी आता. रस्त्यात आपलीबी जागा हाय, असं पयल्यांदाच वाटाया लागलं." अण्णा नुसता चष्मा पुसत राहिले.

पण दुकानदारांना ते दगड खुपत होते. आज एक उपटलेला दिसायचा, उद्या दोन, आणि त्या जागी पुन्हा गुळाच्या ढेपा. अण्णा मुकाट्यानं पहार आणून दगड परत पुरायचे. असं किती दिवस चालणार?

मग एका बाजारच्या दिवशी तिसगावकडच्या एका शेतकऱ्याची बैलं ट्रकच्या भोंग्यानं बुजली. गाडी उधळली ती थेट शाळेच्या फाटकाकडे आली आणि एका दगडाला अडून जागीच थांबली. बैलं वाचली, माणूस वाचला, आणि फाटकातल्या माझ्या मुलीही. शेतकऱ्यानं तिथंच नारळ फोडला. "ह्या देवानं माझी बैलं राखली," म्हणाला आणि दगडाला आतल्या बाजूनं शेंदूर लावून गेला. त्या दिवसापासून त्या दगडाला कुणी हात लावला नाही. बाकीचे मात्र उपटले जातच होते.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाकीच्या दगडांनाही शेंदूर लावायची कल्पना माझी होती. अंगात शहाणपण फार होतं तेव्हा. अण्णा म्हणाले, "बाई, ही लबाडी आहे. मी देव मानत नाही, आणि मानणाऱ्यांना फसवू?"

मी म्हटलं, "दगड टिकायला हवेत की नकोत?"

शेंदूरही मीच विकत आणून दिला. एका रविवारी दुपारी पेठ जेवून आडवी झालेली असताना अण्णांनी वळणावरचे चार दगड रंगवले. रस्त्याच्या बाजूनं रंगवले, कारण ट्रकवाल्याला पांढऱ्यापेक्षा तांबडं लवकर दिसेल, असा त्यांचा विचार. ते रंगवत होते तेव्हा मी फाटकात उभी राहून राखण करत होते आणि मला हसू येत होतं.

चारही दगड टिकले. पण देवाचं तोंड जिकडे, भक्त तिकडे, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा शिकल्यासवरल्यांच्या ध्यानात आली नाही. शेंदूर रस्त्याकडे, म्हणून बाया दगडांच्या बाहेर, रस्त्यात उभ्या राहून तेल वाहायला लागल्या. पाठ ट्रककडे.

तो शनिवार होता. सकाळची शाळा. साळूबाईनं ठकूला दगडांच्या आत उभं केलं आणि स्वतः बाहेर जाऊन वाकली. मी फळ्यावर तारीख लिहीत होते. आधी ब्रेक ऐकू आले, मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी धावत गेले तेव्हा ठकू होती तिथंच उभी होती. कुणी विचारायच्या आतच ती सांगत होती, "आई देवाच्या पाया पडत हुती. आई पाया पडत हुती."

तिसऱ्या दिवशी अण्णा बादली आणि काथ्या घेऊन शेंदूर धुवायला बसले. पेठ गोळा झाली. मी मुलींना घेऊन फाटकात होते. एकानं अण्णांचा हात धरला, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे देव नाहीत. ह्या चारांना शेंदूर मी लावला. मी एकट्यानं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या घटकेला मी पुढे व्हायला हवं होतं. मी ठकूचा खांदा धरून उभी राहिले. नोकरी होती, बदनामीची भीती होती, आणि खरं सांगायचं तर पायच उचलला नाही.

लोकांनी त्यांना शेंदूर धुऊ दिला नाही. बाई खाल्ल्यावर तर दगड जास्तच जागृत ठरले होते. मग अण्णांनी हात जोडले. "निदान तोंड आत फिरवू द्या. आत उभं राहून पूजा करा."

एक म्हातारा म्हणाला, "तोंड फिरवलं तर देव कोपंल."

"माझ्यावर कोपू दे."

हे लोकांना पटलं. सगळे दूर सरले आणि अण्णांनी भर उन्हात एकट्यानं चारही दगड खणून काढले, फिरवले, पुन्हा ठोकून बसवले. साठीला आलेला माणूस. कुणी पहारीला हात लावला नाही, मीसुद्धा नाही. त्यानंतर त्या वळणावर, मी होते तोवर तरी, माणूस गेलं नाही.

कमिटीनं त्यांना महिन्याच्या आत घरी बसवलं. गाव सोडायच्या दिवशी ते शाळेत आले, नकाशाची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लढाई संपली की कपाटातला मागू नका, तो उंदरांनी खाल्लाय. हा द्या." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "राहू द्या बाई. तुम्हाला अजून पुष्कळ मुली शिकवायच्यात." नंतर दोन पोस्टकार्डं आली. तिसरं त्यांच्या भावाचं होतं.

ठकू सातवीच्या फायनलला चांगल्या मार्कांनी पास झाली. शिक्षिका व्हायचं म्हणून ती नगरला निघाली तेव्हा नमस्काराला आली. वाकून उठली आणि अगदी सहज विचारलं, "बाई, त्या दगडांना शेंदूर अण्णांनीच लावला होता ना? एकट्यांनी?"

मी म्हटलं, "हो."

तिनं पुन्हा एकदा वाकून माझ्या पायांना हात लावला आणि गेली.