टायर बसला म्हणे!

अगं, फोन जरा कानाशी घट्ट धर, मोठ्याने सांगण्यासारखं नाही हे. आणि चार महिन्यांत एक फोन करायचा, तोही आमच्या विश्रांतवाडीच्या अंगणात ताडपत्रीखाली काय आहे ते विचारायला, ही कुठली रीत? मावशी कशी आहे, हे ताडपत्रीनंतर.

ती वाळूत पळवायची गाडी आहे. नुसत्या नळ्यांचा सांगाडा, मागे इंजिन, दोन खुर्च्या. अंगावर पत्रासुद्धा नाही. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तुझ्या काकांनी धाकट्या भावाला हाताशी धरून ती बनवली. दोघांनी उभा जन्म मापं घेण्यात घालवलेला, तेव्हा त्यांच्या मापावर कोणी बोलायचं नाही. पुण्यात वाळू कुठे आहे, हेही विचारायचं नाही. भाऊजींच्या सासरी, कोकणात, वाडीमागे थोडी आहे. तेवढ्यावर हा सगळा संसार.

मी चालवून घेत होते त्याला कारण होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना सांगितलं होतं, दिवाळीनंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे फक्त मला ठाऊक. भावालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे दिवाळीआधी वाळूत गाडी न्यायची कोकणची एक खेप, तीच पहिली आणि तीच शेवटची.

मग मागच्या चाकांचे टायर आले. वल्ह्यासारख्या आडव्या रबरी पट्ट्यांचे. त्या वाळू मागे लोटतात आणि गाडी पुढे जाते. ठीक. पण ठरल्या मापापेक्षा हे केवढे तरी मोठे. भाऊजी म्हणाले, वहिनी, टायर जितका मोठा तितकी ताकद जास्त. मी म्हटलं, आवाजाचंही तसंच असतं का हो?

गाडी जॅकवर चढवली. चाकं लोंबकळत होती. टायर आणि स्प्रिंगच्या मध्ये यांनी चार बोटं घातली आणि म्हणाले, "बसला." भाऊजींनीही चार बोटं घातली. "बसला." दोन विद्वानांचं एकमत झालं, चहा माझ्याकडे लागला.

कप खाली ठेवत मी म्हटलं, "अहो, टायर बसला. गाडी कुठे बसली?"

हसले दोघं. हसू देत. मी सातवी शिकलेली, पण यांच्या स्कूटरवर मागे बसून वीस वर्षं काढली आहेत. मार्केट यार्डातून येताना मी आणि माझ्या मांडीवर बटाट्याची पिशवी असली की मागचं चाक घरापर्यंत मडगार्डला घासत यायचं. हे एकटे रिकाम्या हाताने गेले की कधी नाही. वजन पडलं की स्प्रिंग दबते, चाक वर येतं, एवढी साधी गोष्ट. जॅकवर लोंबणाऱ्या चाकाचं माप घ्यायचं म्हणजे दोरीवरचा ब्लाउज बघून अंगाला बसेल म्हणायचं.

मी पदर खोचला आणि जॅक काढायला लावला. एका खुर्चीत हे, दुसरीत मी, मागच्या नळीवर जाऊबाई आणि तिच्या मांडीवर गव्हाचा भरला डबा. भाऊजींना म्हटलं, आता घाला चार बोटं. ते वाकले, बघितलं, आणि बोटं खिशात घातली. रबरी पट्टी स्प्रिंगला टेकली होती. वाळूत उसळताना टायर फाटला असता, चाक अडलं असतं, आणि स्टिअरिंग कोणाच्या हातात? ज्याला धड दिसत नाही त्याच्या.

यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग माझ्यापुरतं म्हणाले, "ही एकच खेप आहे गं."

"म्हणून तर म्हणते, माणसं बसवून मोजा."

लेथवर दोन जाड चकत्या कातून आणल्या, चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्या मध्ये घातल्या, लांब बोल्ट लावले, तेव्हा कुठे चाकं स्प्रिंगपासून बाहेर सरकली. पुन्हा माप घ्यायला आम्हा दोघींना रीतसर बोलावणं आलं. भाऊजींनी खुर्ची पुसून दिली. पण चुकलो म्हणाले असतील तर शपथ. म्हणाले, "वहिनींच्या वजनाचा उपयोग झाला."

कोकणात वाळूत यांनी तीन फेऱ्या मारल्या. मी शेजारी, दाताखाली वाळू, कान मागच्या चाकाकडे. काही घासलं नाही. दिवाळी झाल्यावर यांनी किल्ली आपणहून माझ्या हातात ठेवली.

आता रोज सकाळी ताडपत्री उचलून टायर चाचपून येतात. कोणी विचारलं की खुलतात, चार बोटं सोडून सगळं सांगतात. तेव्हा फोन पुरे झाले. जावयांना घेऊन लवकर बसायला ये.