मेंबरबाईंचे यजमान

गिरणी चौरस्त्यावर होती, त्यामुळे गावात येणारा माणूस आधी गिरणीवाल्याला भेटायचा आणि मग ज्याच्याकडे आला असेल त्याच्याकडे जायचा. गिरणीवाला मोठ्या आवाजात बोलायचा. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळे तिशीतच तो म्हातारा दिसायला लागला होता, आणि खरोखर म्हातारा व्हायला लागला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याला एकच हौस होती, राजकारणाची. तो आबांच्या मागे असायचा. आबा म्हणजे तालुक्याचे पुढारी. स्वतः कधी उभे राहिले नाहीत, पण कोण उभं राहणार हे त्यांच्या घरीच ठरायचं. आबांच्या सभांसाठी गिरणीवाल्याने खुर्च्या वाहिल्या, सतरंज्या झटकल्या, विरोधकांशी हमरीतुमरी केली. दर निवडणुकीत आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "पुढच्या वेळी तूच." पुढची वेळ आली की आबांचा कुणीतरी भाचा आडवा यायचा. असं करता करता एकदाचं गिरणीवाल्याचं नाव पक्कं झालं. त्याने नवा सदरा शिवायला टाकला. त्याच आठवड्यात जाहीर झालं की जिल्हा परिषदेचा त्यांचा गट या खेपेला बायकांसाठी राखीव आहे.

"त्यात काय एवढं?" आबा म्हणाले. "घरात बाई आहेच की. नाव तिचं, कारभार तुझा."

तो घरी आला तेव्हा बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं धरून पिळत म्हणाली, "विचारायला आलात की सांगायला?"

"विचारायला," तो म्हणाला. पण अर्ज आबांकडे भरून तयार होता.

"आणि मी हरले तर?"

"हरणार नाहीस. आबांचा शब्द आहे."

"बरं, जिंकले तर?"

त्याने चादरीचं आपलं टोक दोरीवर टाकलं.

ती जिंकली. गट नदीच्या दोन्ही काठांना पसरलेला होता. अलीकडे त्यांचं गाव आणि आजूबाजूची खेडी, आणि पूल ओलांडून पलीकडे डोंगराला चिकटलेली एक वस्ती. एवढ्या सगळ्यांची आता ती मेंबर झाली. लोक तिला मेंबरबाई म्हणायला लागले आणि त्याला मेंबरबाईंचे यजमान. त्याला वाटलं, हे चार दिवस चालेल, मग लोक खरा कारभारी ओळखतील.

पहिल्या बैठकीला तो तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. सदरा तोच, शिवून आलेला. सभागृहातला शिपाई वाकून म्हणाला, "आत फक्त सदस्य."

"मी यजमान."

"यजमानांसाठी बाहेर बाक आहे."

बाहेर खरोखरच बाक होता, आणि त्यावर यजमान बसले होते. त्याला पाहून ते सरकले. त्यातले एक निवृत्त मास्तर होते, त्यांची बायको दुसऱ्यांदा निवडून आली होती. ते म्हणाले, "बसा. सुरुवातीला कान दाराला लागलेले असतात. मग सवय होते. त्यानंतर झोप लागते."

पहिले काही महिने तो घरून तिची तयारी करून घ्यायचा. हे बोल, ते बोलू नकोस, आबांचं नाव आधी घे. ती मान डोलवायची. बाहेर आली की झालेलं सगळं त्याला सांगायची, आणि स्कूटरवर परत येताना तो तिच्या चुका काढायचा. मग एकदा ती बाहेर आली. पदराने मान पुसली आणि स्कूटरजवळ जाऊन उभी राहिली.

"काय झालं आत?"

"मंजूर झालं."

"काय मंजूर झालं?"

"वस्तीची पाण्याची लाइन."

"मला न विचारता मांडलंस?"

"विचारायला आले होते मधल्या सुट्टीत. तुम्ही बाकावर झोपला होतात."

तो इतका चिडला की घरी पोचेपर्यंत एकही खड्डा त्याने चुकवला नाही. मागे ती सीट धरून बसून राहिली. घरी उतरल्यावर तिने कंबरेवर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि चुलीकडे गेली. त्याला आपलीच लाज वाटली. पण माफी मागणं त्याला कधी जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्या चुका काढणं बंद केलं.

पुढची वर्षं कशी गेली ते त्याला नीट आठवतही नाही. उजाडायच्या आत दारात माणसं. कुणाचा दाखला अडलेला, कुणाच्या शेताची वाट शेजाऱ्याने बंद केलेली, कुणाची सून दवाखान्यात आणि डॉक्टर जागेवर नाही. ती तोंड धुवायच्या आधी चौघांचं ऐकून घ्यायची. मग स्कूटर. तालुका, जिल्हा, पुन्हा तालुका. गिरणीत दळणाचे डबे तसेच पडून राहायचे आणि गिऱ्हाईक खालच्या आळीतल्या गिरणीकडे वळायला लागलं. त्याच्या पाठीचा पार खुळखुळा झाला. कधीकधी रस्त्यात स्कूटर थांबवून तो म्हणायचा, "उतर जरा, पाय मोकळे करू." दोघं रस्त्याच्या कडेला न बोलता उभी राहायची. बोलायलासुद्धा ताकद लागते.

वस्तीवर सगळ्यात जास्त फेऱ्या व्हायच्या. पुलापाशी स्कूटर लावायची आणि चढ चढायचा. वस्तीच्या वतीने एक म्हातारी बोलायची. कंबरेत वाकलेली, पण जीभ सरळ. पहिल्याच भेटीत तिने गिरणीवाल्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा ड्रायव्हर वाटतं?"

"आमचे मालक आहेत," मेंबरबाई म्हणाली.

"असू दे. चालवतो ना?"

त्यानंतर तो वस्तीत ड्रायव्हरच झाला. आधी त्याला झोंबलं. मग म्हातारी त्याच्यासाठी सावलीत घोंगडं अंथरायला लागली, आणि त्याचं काही वाटेनासं झालं. पाण्याची लाइन मात्र रडतखडत चालली होती. चर खणला, पाइप डोंगराच्या निम्म्यापर्यंत पोचले, मग ठेकेदाराने हात वर केले. तिने त्याला शोधून काढलं, पुन्हा कामाला लावलं. मग पंपाची फाइल कचेरीत अडली. पंप सुटायच्या बेतात होता तेवढ्यात गटांच्या हद्दी बदलायचं ठरलं.

नवी जनगणना झाली होती. माणसं कुठे वाढली, कुठे घटली, त्याप्रमाणे गट पुन्हा आखायचे होते. तालुक्याच्या कचेरीत नवा नकाशा भिंतीला लावला आणि लोकांनी त्याच्यासमोर ही गर्दी केली. मेंबरबाई पुढे शिरली. नदीवरून जाड रेघ ओढलेली होती. वस्ती डोंगरामागच्या गटात गेली होती. त्या गटातल्या मोठ्या गावाला जायचं तर वस्तीवाल्यांना आधी पूल उतरून इकडेच यावं लागायचं आणि मग डोंगराला वळसा घालावा लागायचा. मेंबरबाईंचं स्वतःचं गाव शेजारच्या बाजारपेठेच्या गावाला जोडलं होतं. या नव्या गटाची जागा आता बायकांसाठी राखीव नव्हती, सगळ्यांसाठी खुली होती.

तिने त्याच दिवशी हरकत दिली की वस्ती इकडेच ठेवा.

दुसऱ्या दिवशी आबांनी गिरणीवाल्याला बोलावून घेतलं. समोर बसवलं, चहा दिला. इतक्या वर्षांत आबांनी त्याला बसायला सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"आता तुझी वेळ आली," आबा म्हणाले. "खुली जागा आहे. बाजारपेठ आपल्याकडे आली, गणित जमलंय. फक्त ती वस्ती परत आली तर माणसं जास्त भरतील आणि बाजारपेठ हातची जाईल. बाईला सांग, हरकत मागे घे. घरातली गोष्ट आहे, घरात मिटव."

तो उठला तेव्हा आबांनी खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखा.

घरी बायको पायरीवर बसून टाचा चोळत होती. त्याला पाहून म्हणाली, "बोलावलं होतं ना?"

"हो."

"काय म्हणाले?"

लपवता आलं असतं. पण लपवायचं म्हणजे लक्षात ठेवायचं, आणि त्याच्या अंगात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. त्याने जसंच्या तसं सांगून टाकलं. तिने दुसरी टाच चोळायला घेतली.

"तुम्हाला उभं राहायचंय?" तिने विचारलं.

त्याने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तसाच थांबला. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट आत शोधली तर जागेवर नव्हती. कधी गेली तेही कळलं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "दमलोय गं."

"मी पण."

"मग घेऊन टाक मागे. निकाल काय लागणार ते तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे. पण आता मागे घेतली तर म्हातारीला काय सांगू? दमले म्हणून सोडलं तुम्हाला, असं?"

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. म्हणाला, "सुनावणीला लवकर निघावं लागेल. गर्दी असते."

सुनावणीच्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीत जत्रा लोटावी तशी माणसं होती. प्रत्येकाचं काही ना काही तुटलं होतं. कुणाचं गाव तुटलं, कुणाची गल्ली तुटली. त्यांचा पुकारा दुपार कलल्यावर झाला. या वेळी आत जायला कुणी अडवलं नाही. अधिकारी तरुण होता आणि सर्दीने बेजार होता. सकाळपासून ऐकून ऐकून त्याचेही डोळे ओढले होते. दाराशी आबांचा माणूस उभा होता, हाताची घडी घालून.

"नदी ही नैसर्गिक हद्द आहे, बाई," अधिकारी म्हणाला.

"नदीवर पूल आहे, साहेब. हद्द तर डोंगर आहे."

"खरं आहे तुमचं." तो नाक पुसत म्हणाला. "पण वस्ती तुमच्याकडे ठेवली तर पलीकडच्या गटात माणसं कमी पडतात. कुठूनतरी काढावीच लागतात. इथे नाही काढली तर दुसरीकडून काढीन, मग तिथले लोक येऊन उभे राहतील." त्याने गिरणीवाल्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

तरुणपणी गिरणी चालू असताना त्या आवाजात तो भाषणं करायचा, कुणाला ऐकू न जाणारी. ऐकणाऱ्यांसमोर बोलायची संधी आता आली होती. त्याने दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बाई म्हणतात तसंच," तो म्हणाला.

तेवढंच त्याचं भाषण. हरकत फेटाळली गेली. आणि तिकिटाचं म्हणाल तर आबांकडे एक भाचा अजून शिल्लक होता.

मुदत संपली. पहिल्या सकाळी दारात कुणी नव्हतं. सवयीने ती उजाडायच्या आधी उठली, दार उघडलं, बाहेर पाहिलं, पुन्हा लावलं. तो गिरणीत जाऊन बसला. गेलेलं गिऱ्हाईक परत यायला वेळ लागणार होता. आलेले लोक थट्टा करायचे, "काय मग, आता कुणाचे यजमान?" तो हसायचा. हसणं सोपं पडायचं.

वर्ष सरत आलं असेल, एका सकाळी वस्तीतल्या बायका गिरणीपाशी येऊन थांबल्या. पुढे म्हातारी. काम बंद पडलं होतं, पाइप डोंगरावर तसेच पडून होते.

"मी आता तुमची मेंबर नाही, आजी," बायको म्हणाली. "तुमचा नवा मेंबर डोंगरामागे राहतो. त्याच्याकडे जा."

"त्याचं घर कोणी पाहिलंय?"

गिरणीवाल्याने पट्टा उतरवला आणि गिरणी बंद केली. तो आणि बायको स्कूटरवर, म्हातारी आणि बाकीच्या बसने, अशी वरात डोंगराला वळसा घालून निघाली. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. नवा मेंबर सिमेंटच्या दुकानात बसला होता. पोरगेलासा होता, पण त्याच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. दुकानासमोर माणसांची रांग होती.

"आपण कुठले?" त्याने विचारलं.

"आम्ही तुमच्या गटातले नाही," गिरणीवाला म्हणाला.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मग बसा, बसा. चहा घ्या."

"मी आहे तुझ्या गटातली," मागून म्हातारी म्हणाली.

त्याने सुस्कारा टाकला आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. गिरणीवाल्याला त्याची कीव आली. बायकोने पाइप कुठपर्यंत आलेत, पंप कोणत्या टेबलावर अडलाय ते सांगितलं. तो ऐकत होता, विसरू नये म्हणून मध्येमध्ये परत विचारत होता. निघताना हळूच तिला म्हणाला, "ताई, रोजच असं असतं का हो?"

"रोजच," ती म्हणाली.

पंप काही महिन्यांनी बसला. उद्घाटन झालं, पाटीवर नव्या मेंबरचं नाव आलं. या दोघांना बोलावणं नव्हतं. बाजाराला आलेल्या म्हातारीनेच येऊन सांगितलं. खालच्या घरांपर्यंत पाणी येतं, वरच्या घरांना अजून चढत नाही, जोर कमी पडतो. वरच्या बायका खाली येऊन भरून नेतात, आधीपेक्षा अर्धा चढ वाचला. एवढं सांगून ती बस गाठायला गेली.

बायको गिरणीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. गिरणीवाला डब्यांवर झाकणं लावत होता. त्याला वाटलं, आता ही उठेल आणि म्हणेल चला.

"वरच्या घरांसाठी टाकी लागेल," ती म्हणाली.

"उद्या निघायचं का मग त्या पोराकडे?"

तिने भिंतीला डोकं टेकलं. "उद्या नको. उद्या जरा झोपते. परवा बघू."

"बघू," तो म्हणाला, आणि उरलेलं दळण घ्यायला गिरणी चालू केली.