टर्की आणि निडीचा पाट

आमच्या परसात टर्कीची जोडी होती, हे मी शाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं. इंग्रजीच्या निबंधात ‘माझा पाळीव प्राणी’ म्हणून मी एका तपकिरी कुत्र्याबद्दल लिहिलं. असा कुत्रा आमच्याकडे कधीच नव्हता. टीचरनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले.

रोह्याच्या मामाने खोक्यातून आणली तेव्हा ती पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखीच दिसत होती. वर्षभरात नर माझ्या कमरेपर्यंत आला. त्याच्या डोक्यावर एकही पीस नव्हतं. नुसती सुरकुतलेली कातडी, कधी निळसर, कधी पांढरट, चिडला की लालभडक. चोचीवरून मांसाची एक लोळी लोंबायची. खाताना ती भातात बुडायची आणि त्याने मान झटकली की शितं अंगावर उडायची. बाबांना त्याचं भारी कौतुक. जेवणातला शेवटचा घास ते त्याला तळहातावर भरवायचे, तोच हात लेंग्याला पुसायचे आणि मला म्हणायचे, “ये गो, हात लाव. चावत नाय तो.”

मी पायरी उतरायचे नाही.

घराच्या पुढच्या भागात बाबांचा गणपतींचा कारखाना होता. आसपासच्या गावांतली माणसं आषाढापासूनच आपापला पाट आणून देत. ज्याचा पाट, त्याचा गणपती त्याच पाटावरून घरी जायचा. माझं अक्षर चांगलं म्हणून पाटांच्या मागे खडूने नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. ते पाट मागच्या पडवीत एकावर एक रचलेले असत. अंधार पडायला लागला की टर्कींना उंच जागा हवी असते, म्हणून त्याआधी पडवीचं दार लावायचं. तेही काम माझंच.

कडी बाहेरून होती. तिथपर्यंत जायचं म्हणजे त्यांची विष्ठा तुडवत जायचं. एकदा चप्पल न घालता गेले आणि ती बोटांच्या फटीतून वर आली. कोमट होती. तेव्हापासून मला त्या चार पावलांचीच शिसारी बसली. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी दार आतूनच ओढून घेतलं आणि कडी न लावता अभ्यासाला बसले.

सकाळी दोघंही पाटांच्या थप्पीवर बसलेली होती. सगळ्यात वरचा पाट निडी गावच्या एका आजींचा. त्या तो रेल्वेने मांडीवर घेऊन आल्या होत्या. “सासूबायचा पाट हाय, नीट ठेव गो,” असं मलाच सांगून गेल्या होत्या. आता त्यावर हिरव्या-पांढऱ्या गोळ्यांचा थर होता आणि मधोमध चिकट, तपकिरी असं काहीतरी. बाकीच्या पाटांवर नुसते ओघळ होते, ते निघाले. हा मी राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासला. घाण गेली, पण डाग राहिला, आणि ओल्या लाकडात मुरलेला वासही. तो पाट मी थप्पीच्या तळाशी पालथा घातला आणि कुणाला काही बोलले नाही.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी आजी गणपती न्यायला आल्या. मुलगा बाहेर रिक्षात थांबला होता. बाबांनी पाट मागितला. मी आणला, डाग खाली करून. आजींनी पिशवीतून लाल कापड काढलं आणि पाट सुलटा केला. पावसाळी अंधारात डाग फारसा दिसत नव्हता. कापड पसरलं की संपलं असतं.

“आजी, थांबा.”

गिऱ्हाइकांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. बाबासुद्धा वळून बघायला लागले.

“ह्याच्यावर टर्की बसली होती. मी दार लावलं नव्हतं.”

आजींनी पाट नाकाला लावला आणि लगेच लांब धरला. “शी! हागली ना मेली?” मग मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, “एवढे दिवस मुकी बसलीस, नि बोललीस ती हे बोललीस व्हय?”

“धुतलाय मावशी,” बाबा म्हणाले. “गोमूत्र शिंपडतो.”

“तुझ्या घरात शिंपड. माझा देव ह्याच्यावर बसायचा नाय.”

बाबा आत गेले आणि आमच्या गणपतीचा पाट घेऊन आले. आजींचा पाट विसर्जनानंतर सुताराकडून रंधा मारून द्यायचं ठरलं. जाताना आजी परसाकडे बघून म्हणाल्या, “नि तो राक्षस काप एकदाचा.” मलाही तेच हवं होतं.

आमच्या गणपतीसाठी दुसरा पाट सहज मिळाला असता. पण बाबा म्हणाले, “घाण आपल्या घरची, आपल्याच देवाखाली राहील.” आईने आजींच्या त्या डागाळलेल्या पाटावर कापडाची दुहेरी घडी अंथरली. त्या वर्षी धूप, कापूर, केवडा सगळ्यांच्या खालून मला तो वास येत राहिला. इतर कुणालाच येत नव्हता. आरतीला झांजा वाजल्या की परसातून नर गुडगुडून साद द्यायचा, शेजारी हसायचे, आणि बाबा अधिकच जोरात झांजा वाजवायचे.

आरती झाली. बाबांनी ताटातला एक मोदक उचलला, मागच्या दाराशी गेले आणि नराला तळहातावर भरवला. लोळी मोदकावरून फिरली. मग हात लेंग्याला पुसत ते परत आले आणि प्रसाद वाटू लागले.

माझ्यासमोर आले तेव्हा मी हात पुढे केला नाही.

“दार लावत जा,” ते हळूच म्हणाले, आणि माझा हात धरून मोदक त्यात ठेवला.