मेलेल्या माणसाचा सदरा

बुऱ्हानपूर जिल्ह्यात खुनाची केस माझ्याइतकी झटपट कोणी सोडवली नसेल. सकाळी आरोपी थान्यात आणला आन् दुपारच्या चहाआधी कबुली घेतली. फक्त ज्याचा खून झाला होता तो तिकडं कोळशाच्या मुलखात ट्रक भरत होता, तब्येत ठणठणीत.

रिटायर झाल्यापासून लोक म्हणतात, साहेब, बहादुरीची एखादी केस सांगा. तशी माझ्याकडं नाही. ही आहे, आन् ही अजून आठवली की मी एकटाच हसतो. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला.

मी मूळचा नेपानगरचा. वडील कागदाच्या मिलमध्ये. गावात एवढा कागद बनायचा, पण माझं कागदाशी कधी जमलं नाही. आठवीत इतका मुक्काम केला की शेवटी मास्तरच म्हणाले, बाबा, तू पोलिसात जा. गेलो. सिपाही झालो, मग हवालदार. थान्यात मला हेडसाब म्हणायचे.

तर फोपनारकडचे दोन भाऊ, केळीवाले. पाण्याच्या पाळीवरून बांधावर त्यांचं जोरात भांडण झालं. थोरला साऱ्या मजुरांदेखत बोलला की तुले तापीत बुडवतो. त्या संध्याकाळपासून धाकटा गायब. दुसऱ्या दिवशी गावच्या कोटवारानं, म्हणजे चौकीदारानं, थान्यात वर्दी दिली, नदीच्या काठाला धाकट्याची चप्पल पडली आहे. पाण्यात माणसं उतरवली, काही लागलं नाही. आम्ही चप्पल कपड्यात बांधली, लाखेचं सील मारलं, जप्तीच्या मालखान्यात ठेवली. सील मीच मारलं. चांगलं मारतो मी सील.

थोरल्याला आणला. माझी पूछताछ म्हणजे समोर बसवायचं, चहा पाजायचा आन् गप्प बसायचं. लोकांना वाटायचं ही माझी युक्ती आहे. खरं म्हणजे मला पुढचा सवाल सुचायचा नाही. पण गप्प माणसासमोर समोरचा बोलतोच, हे मी नोकरीत पाहिलं आहे. थोरला कप हातात धरून रडायला लागला. म्हणाला, "मीच मारलं त्याले. माझ्या तोंडानं मारलं."

पहिलं वाक्य मी लिहून घेतलं. दुसरं राहिलं, मला लिहायला वेळ लागतो.

टीआय साहेबांनी, म्हणजे थान्याच्या इन्स्पेक्टरनी, पाठ थोपटली. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण थोपटलेली पाठ घरी दाखवायला चालते. थोरल्याची रिमांड मिळाली. रिमांड संपली की जेल, आन् खुनाच्या केसमध्ये जेलात गेलेला माणूस लवकर घरी येत नाही.

थोरल्याची बायको थान्याच्या फाटकाशी बसून असायची. दीर मेलाच नाही, असं ती येईल त्याला सांगायची. मी तिला समजावलं की बाई, नवरा स्वतः कबूल झाला. ती म्हणाली, तो तर बैल आजारी पडला तरी माझ्यामुळंच म्हणतो.

मग केळीच्या ट्रकचा एक ड्रायव्हर आला. परासियाच्या पुढं एका छोट्या कोलियारीच्या, कोळशाच्या खाणीच्या, गावात तो माल उतरवून आला होता. तिथं कोळशाच्या लोडिंगवर त्याला फोपनारच्या त्या धाकट्यासारखा एक जण दिसला. हाक मारली तर तो तोंड फिरवून निघून गेला. तोंड काळं होतं, म्हणून ड्रायव्हर खात्रीनं सांगेना. टीआय साहेब म्हणाले, रिमांड संपायच्या आत जाऊन बघून ये. फाटकाशी बसलेली थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, उठून उभी राहिली. "मी येते. तुम्ही मेलेला शोधाल, मेलेलाच आणाल."

रोजनामच्यात, थान्याच्या रोजच्या वहीत, रवानगीची नोंद टाकली. साहेबांनी सोबत एक लेडीज सिपाही दिली, ती चांदनी स्टेशन यायच्या आतच झोपली. इटारसीला गाडी बदलली, आमल्याला परत बदलली. मी साध्या वेशात, पांढरा सदरा, कोणाला कळू नये म्हणून डोक्याला गमछा. स्टेशनबाहेर चहावाल्यानं गमछ्यापासून खाली बघितलं, माझ्या पॉलिश मारलेल्या लाल बुटांवर थांबला, आन् म्हणाला, "साहब, किसको पकड़ने आए हो?"

गाव छोटंच. एक रस्ता, दोन्हीकडं दुकानं, मागं मातीचे ढिगारे डोंगराएवढे. आपल्याकडं वाऱ्याला केळीचं पान फाटतं, तिथं वाऱ्यानं कोळसा उडतो. झाडाची पानं काळी, कुत्री काळी, दुकानातली मिठाई कपड्याखाली झाकलेली. दुपारपर्यंत माझा सदराही तिथल्यासारखा झाला. मोबाईलमध्ये धाकट्याचा लग्नातला फोटो होता, हळद लावलेला. लोडिंगवर गेलो तर पन्नासेक माणसं बेलच्यानं, म्हणजे फावड्यानं, कोळसा भरत होती, साऱ्यांचे फक्त डोळे आन् दात दिसत होते. हळदीचा फोटो घेऊन मी कोणाला ओळखणार?

तरी ओळखला. उंची तीच, चाल तीच. मागून जाऊन मी दंड पकडला आन् कानात म्हणालो, चल, खेळ संपला. तो तिथला मुकादम निघाला. पोरांना हसायला कारण मिळालं. मुकादमानं मला खाली बसवलं, पाणी दिलं, वरून विचारलं की साहेब, उन्हाचा त्रास होतो का. बाहेरून आलेले मजूर मागच्या खोल्यांत राहतात, एवढं मात्र त्यानं सांगितलं.

त्या खोल्यांसमोर दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर कपडे. सगळे धुतलेले, सगळे राखेच्या रंगाचे. शेवटच्या दोरीवर एक सदरा होता. त्याच्या छातीवर, बाहीवर तपकिरी काळे डाग, ओघळलेले. रक्त! धाकटा इथं आला आन् इथं कोणी त्याला मारला, असं सगळं माझ्या डोक्यात बसलं. मी पंचनाम्याचे कागद काढले, दोन पंच बोलवायला सिपाहीला पाठवलं.

वहिनीनं सदरा दोरीवरून ओढला, बाही उलटी करून बघितली.

"हेडसाब, हा केळीचा चीक आहे. घड कापताना उडतो. मी साबण लावून लावून थकले, जात नाही. हा सदरा दिराचाच, माझ्याच हातानं धुतलेला आहे."

मी मिलच्या क्वार्टरमधला. केळी मी सोलून खाल्लेली, घड कोण कापतो ते कधी बघितलं नव्हतं. पण मग मलाही कळलं. कोळशाच्या गावात सगळ्यांचा डाग धुवून फिका होतो. न जाणारा डाग इथं एकच, आन् तो बुऱ्हानपुराहून आलेला.

पंच आले, त्यांना परत पाठवलं. आम्ही ओट्यावर बसलो. पाळी सुटली आन् धाकटा बादली घेऊन आला. मला बघून पळणार होता, वहिनीला बघून थांबला. बादली खाली ठेवली.

ती म्हणाली, "तुझा दादा तुझ्या खुनात जेलात चालला. अंघोळ करतोस की तसाच येतोस?"

त्याला काही ठाऊकच नव्हतं. भांडणाचा राग धरून निघाला, नदीच्या वाटेनं चालला, चपलेचा पट्टा तुटला म्हणून तिथंच टाकली. घरी फोन केला नाही, दादानं आधी करावा म्हणून. तसाच काळा गाडीत बसला. डब्यात आम्हाला ऐसपैस जागा मिळाली.

थान्यात शिरलो तेव्हा थोरला गजाआड बसलेला. काळं तोंड बघून त्याला वाटलं नवा चोर आला. धाकटा गजाजवळ गेला आन् म्हणाला, "दादा, पाण्याची पाळी तुझीच व्हती." थोरल्यानं गजातून हात काढून त्याच्या कानाखाली एक दिली. मग तोच हात मागं घेईना. टीआय साहेब फाईल बघत राहिले. मी मालखान्यातली चप्पल उघडली. पट्टा तुटलेला. सील एकदम बरोबर.

कोर्टात धाकट्याला उभं केलं, थोरला सुटला. फोपनारला वाजंत्री लावली, मला हार घातला, जीपमध्ये केळीचा घड ठेवला. त्या दिवसापासून मी जबाब पुरा लिहायला लागलो, शेवटच्या शब्दापर्यंत, हात दुखला तरी. दुःखातला माणूसही आरोपीसारखाच बोलतो, हे मला त्या चहाच्या कपानं नाही, त्या दोन भावांनी शिकवलं.

पण हार गळ्यात असला की माणूस मोठा होतो. मी उभा राहिलो आन् गावाला सांगायला लागलो, मेलेला माणूस मी कसा शोधून काढला, लोडिंगवर कशी नजर ठेवली, सदरा कसा दिसला. टाळ्या वाजल्या. वहिनी चहाचा ट्रे घेऊन मागंच उभी होती.

"हेडसाब," ती म्हणाली, "शोधला मी. तुम्ही तर त्याले मारला व्हता."