हलिनाबरोबर ओहायोत

कोलंबसच्या विमानतळावर माझ्या लेकीने, श्रुतीने, मला मिठी मारली आणि गाडीत बसायच्या आत हलिनाचं नाव तीनदा घेतलं. हलिनाने सूप करून ठेवलंय. पडदे हलिनानेच लावून दिले. हलिना तुला भेटायला एक्साइटेड आहे. नागपूरहून मी बॅग भरून सांडगे आणले होते. त्यांची चौकशी नाही.

हलिना ही डब्लिनमधली (आयर्लंडचं नव्हे, कोलंबसला लागून असलेलं) श्रुतीची शेजारीण. सत्तरीची, पोलंडची. वडील कोळशाच्या खाणीत. ही वॉर्सातल्या साप्ताहिकात लागली आणि साध्या माणसांवर लिहीत राहिली. तिकडे या लेखनाला ‘रेपोर्ताझ’ म्हणतात (घडलेलंच, पण कथेसारखं सांगितलेलं). नवरा गेल्यावर ती अमेरिकेत आली, परक्या देशात राहणाऱ्यांवर पुस्तक लिहायला. तिची पुस्तकं कितीतरी भाषांत गेली आहेत. मीही पंचवीस वर्षं एका दैनिकात दर रविवारी सदर लिहिलं. माझं पुस्तक एकच, आणि ते विदर्भाबाहेरही फारसं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आली. मी श्रुतीच्या चहात दोन चमचे साखर घालत होते.

“ती साखर घेत नाही,” हलिना हळूच म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

मी तो चहा स्वतः प्यायले. श्रुती ऑफिसला गेली.

शनिवारी हलिना मला दक्षिणेकडे घेऊन गेली. तासाभरात सपाट मक्याची शेतं संपली आणि झाडीने भरलेल्या टेकड्या सुरू झाल्या. ओहायो नदीच्या काठी खाणकामगारांचं जुनं गाव आहे. निम्मी दुकानं बंद, चर्च मात्र ताजं रंगवलेलं. तिथे स्टॅन नावाचे म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांचे आजोबा पोलंडहून आलेले. त्यांनी आम्हाला ‘पिएरोगी’ वाढले (बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा). मला मिरचीच्या ठेच्याची फार आठवण झाली.

त्यांची बायको गेल्याच वर्षी वारली होती. मी लगेच विचारलं, “घर खायला उठत असेल ना?”

“हो,” स्टॅन म्हणाले, आणि गप्प झाले.

हलिनाने वही काढली नाही. काही विचारलंही नाही. कॉफीचा कप हातात धरून ती बसून राहिली. मला ती शांतता सोसवेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. बऱ्याच वेळाने स्टॅन खिडकीबाहेर बघत म्हणाले, “रविवारी चर्चला जाताना मी अजून गाडीत तिच्या बाजूच्या सीटचा हीटर आधी लावतो.”

पंचवीस वर्षांत मला असं एक वाक्य कुणी दिलं नव्हतं. स्टॅनचं दुःख बाजूलाच राहिलं, मला हलिनाचा हेवा वाटला.

परतताना आम्ही रस्ता चुकलो आणि खडीच्या वाटेवर टायर बसला. मदतीची गाडी यायला तास होता. गवतात बसून हलिना म्हणाली, “श्रुतीने ते साठ दिवस फार धीराने काढले. तिच्या संमतीने मी त्यावर एक प्रकरण लिहिलंय.”

“कुठले साठ दिवस?”

तिचा चेहरा पडला. “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माझं चुकलं. पण आता ते तिच्याकडूनच ऐका.” मग थोड्या वेळाने, “विचारल्यावर थांबा मात्र.”

माझ्या मुलीशी कसं बोलायचं हे मला ती शिकवणार! उरलेला सगळा रस्ता मी तिच्याशी बोलले नाही.

रविवारी सकाळी श्रुती भांडी लावत होती. मी विचारलं, “ते साठ दिवस कसले गं?” आणि ओठ दाबून उभी राहिले.

तिने एक ताटली दोनदा पुसली. “लेऑफ झाला होता माझा, आई. साठ दिवसांत जॉब नाही मिळाला की देश सोडायचा. सकाळी तयार होऊन हलिनाकडे जाऊन बसायचे. तिथूनच अप्लाय करायचे.”

“मला का नाही...”

“तू फोनवर विचारायचीस, ‘सगळं ठीक ना?’ आणि मी बोलायच्या आत म्हणायचीस, ‘ठीकच असणार, माझी मुलगी आहे.’ मग काय सांगू?”

मला सांगायचं होतं की ते कौतुक होतं. नाही सांगितलं. ती रडली, मग मी.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही दोघी रोज संध्याकाळी तळ्याकाठी चालायला जायचो. हलिनाने दोनदा जेवायला बोलावलं. मी एकदाच गेले. तिच्या टेबलावर श्रुतीचा नेहमीचा कप वेगळा ठेवलेला होता, तो मी बघून घेतला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकावर श्रुती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही. मग तिने मला एक गोष्ट सांगितली आणि म्हणाली, “हे हलिनालाही माहीत नाही.”

मी नागपूरला परत आले. हेवा पुरता गेलाय असं म्हणवत नाही. प्रवासवर्णनात सगळं सांगावं अशी माझ्या वाचकांची अपेक्षा असते, आणि आजवर मी ती मोडलेली नाही. पण त्या बाकावर श्रुती काय म्हणाली, ते मी लिहिणार नाही.