शकुनबाईची घडीची खुर्ची

तळ्याच्या घाटावर शेंदूर फासलेली जी देवी बसली आहे ना, तिला आजकाल सारे खुर्चीमाय म्हणतात. तिच्या हातची अंबाडीची भाजी मी खाल्ली आहे. मीठ जरा जास्तच पडायचं, पण वाढायची सढळ हातानं. देवीच्या हातचं खारट खाल्लेले आम्ही या गावात आता दोघं-चौघंच उरलो असू, म्हणून सांगून टाकतो.

शकुनबाई विधवा. मागंपुढं कोणी नाही, तळ्याखाली धानाच्या दोन बांध्या, बस. सत्तर सालच्या आसपास, कायद्यानं पंचायतीत बाई घ्यावी लागते म्हणून वासुदेवराव सरपंचांनी तिला सभासद करून घेतलं. बेत सरळ होता. बाई घरी राहील, शिपाई कागद घेऊन जाईल, ती अंगठा देईल. पण पहिल्याच बैठकीला बाई दारात हजर! माझं किराण्याचं दुकान पंचायतीच्या समोरच. सारा तमाशा फुकटात पाहिला.

"बसू कुठी?"

"खुर्च्या भरल्या, बाई. दाराजवळ सतरंजी टाकली हाये."

"सतरंजीवरून तुमचं तोंड नाई दिसत, वासुदेवराव. नुसतं धोतर दिसते."

पुढच्या बैठकीला ती आली ती डोक्यावर खुर्ची घेऊन. लोखंडी, घडीची. जवाहरनगरच्या कारखान्यात तिचा भाऊ होता, त्यानं दिलेली. बैठक संपली की खुर्ची पुन्हा डोक्यावर, आणि बाई घरी. सोबतीला शेजारची तरुण सून रुखमा. चहाच्या टपरीवरून एकानं हाक मारली, "काय वो शकुनबाई, खुर्ची घेऊन कोणाच्या लग्नाले चालली?"

"माह्याच. नवरदेव भेटून नाई राहिला. येतं का तू?"

तो गडी महिनाभर टपरीवर दिसला नाही.

आता घाटाचं ऐका. तळ्याच्या पाळीवर पुरुषांना बसायला चबुतरा बांधायचा, असं सगळ्यांनी ठरवलं. शकुनबाई म्हणाली, आधी बायांना धुणं धुवायला घाट बांधा. चिखलात घसरून बाया पडतात. वासुदेवरावांनी हात वर करायला सांगितले. चबुतऱ्याला सारे हात. घाटाला एकच. हार झाली, विषय संपला, पण बाईचा हात काही खाली येईना. दुसरा विषय निघाला, तिसरा निघाला, चहा आला. तिनं डाव्या हातानं कप धरला.

"हात खाली कर ना आता, शकुनबाई."

"घाट होऊ द्या, मंग करतो."

पुढच्या बैठकीला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. शेवटी वासुदेवरावांनी कपाळावर हात मारला. "बांधा रे बाबा तिचा घाट! मले सपनातही थो हात दिसून राहिला."

घाट झाला. त्यानंतर तीनेक वर्षांनी शकुनबाई काविळीनं गेली. शेवटच्या बैठकीला तिला खुर्ची घरी नेण्याचं बळ नव्हतं. खुर्ची पंचायतीतच राहिली.

पुतळ्याचं वेड रुखमाचं. ऐंशीच्या सुमारास तिनं गाव पिंजून काढलं. "उद्याच्या पोरीयनं पाहिलं पायजे, आपल्यातली एक बाई त्या खुर्चीवर बसली होती." पंचायतीसमोर जागा द्यायला पुरुष तयार होईनात. मग घाटावर ठरलं. बायांनी नाल्यातली रेती डोक्यावर वाहिली. गणपती आणि शारदा घडवणाऱ्या कवडूनं सिमेंटचं काम हाती घेतलं. रुखमाला डोक्यावर खुर्ची घेऊन चालणारी शकुनबाई पाहिजे होती. कवडू म्हणाला, "डोक्यावरचं वजन टिकत नाई, वहिनी. पयल्याच पाण्यात खुर्ची तळ्यात जाईन. बसवतो तिले." रुखमा म्हणाली, "मंग हात तरी वर ठेव. तोच हात."

कवडूच्या बोटांना शारदेची सवय. पाठ ताठ, डोळे मोठाले, आणि उजवा हात वर. पायाशी त्यानं अक्षरं कोरली: शकुनबाई, पंचायतीतली पहिली बाई. चांगला झाला होता पुतळा, खोटं कशाला बोलू!

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली. मग रुखमा पुढे झाली आणि पुतळ्याच्या कपाळाला तिनं कुंकू लावलं. म्हणाली, "जितेपनी कोणी लावू देल्लं नाई बिचारीले. आता लावतो मी." बाया रडल्या. माझेही डोळे भरले होते. चुकलं, असं तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही.

पण कुंकू लागलेल्या मूर्तीपुढे बाई तशी कशी जाईल? दुसऱ्या दिवशी कोणीतरी हळद वाहिली. धानाच्या रोवणीच्या आधी एकीनं नारळ फोडला, आणि त्या साली पाणीही मनासारखं आलं. मग शेंदूर. दरवर्षी एक थर. डोळे बुजले, नाक बुजलं, पायाजवळची अक्षरं बुजली. तेवढा हात राहिला. तो पाहून बाया म्हणत, "माय आशीर्वाद देऊन राहिली."

चौऱ्याऐंशी साली रुखमाच पंचायतीत सभासद झाली. पोलकं नवं शिवलं होतं तिनं. आत गेली तर शकुनबाईची खुर्ची भिंतीशी मांडलेली, तिच्यावर हार, हळदकुंकू, पुढ्यात उदबत्ती. बाकीच्या खुर्च्या भरलेल्या. वासुदेवराव अगदी नम्रपणे म्हणाले, "थे मायची जागा हाये, रुखमाबाई. तुमी तिच्या पायापाशी बसा. सतरंजी टाकली हाये."

रुखमानं हाराला हात घातला. दाराशी तिला पाहायला बाया जमल्या होत्या, ज्यांनी रेती वाहिली त्याच. त्यांच्यातली एक ओरडली, "नोको वो रुखमा! कोप होईन! लेकराबाळांचा गाव हाये!" दुसरीनं आत येऊन तिचा हातच धरला. पुरुषांना काही बोलावंच लागलं नाही.

रुखमानं हार सोडला आणि सतरंजीवर बसली. त्या दिवसानंतर ती गेली नाही. शिपाई कागद घेऊन तिच्या घरी जाऊ लागला.

मी एकदा दुकानात म्हटलं, "रुखमाबाई, तूही आपली खुर्ची घेऊन जा ना."

"नेतो ना, भाऊजी. पण मेल्यावर मलेही शेंदूर फासान तुमी." हसली, आणि गुळाची पुडी घेऊन निघून गेली.

माझी सून नवी नवी या गावात आली तेव्हा घाटावर धुणं धूत होती. शेजारी रुखमा. सुनेनं विचारलं, "काकू, ही माय काय काय देते?"

रुखमा कपडा पिळत म्हणाली, "देत नाई वो, बाई. ती मागत होती."

सून घाबरली. घरी येऊन तिनं ते मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच दुकानातून नारळ नेला आणि रुखमाच्या वतीनं फोडून आली.