थर्माकोलचा घाट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिचा धनावर, माझ्या मामेभावावर, फार जीव.

रविवारी सांगलीत आमच्या घरी आम्ही पाच-सहा जण फाशांचा खेळ खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, एकानं गोष्ट पुढे न्यायची, आणि टेबलावर बोटभर उंचीचे लढवय्ये. त्यांच्यासाठी डोंगर, गुहा, पूल मी करायचो — थर्माकोल कापून, रंगवून. त्या टेबलाचा राजा मीच. हो, राजाच! मग उंब्रजहून धना खेळायला यायला लागला.

दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करत वाढलेला हा गडी. त्यानं पहिल्यांदा थर्माकोलला सुरी लावली आणि असा कडा काढला, की सगळे उठून उभे राहिले. "लय भारी रं गड्या!" माझ्या डोंगरासाठी कधी कुणी उठलं होतं का? नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. आणि टाळ्या? सगळ्यांत मोठ्यानं मीच वाजवल्या.

पुढे पुण्याच्या एका गटानं त्यांच्या खेळासाठी अख्खा घाट करून मागितला — धनाकडे. मला कुणी विचारलंही नाही. तो महिनाभर खपला. एरवी ब्रशनं रंगवायचा, पण घाट मोठा, म्हणून त्यानं स्प्रेचा डबा आणला. आणि फोन केला — मलाच.

"दादा, थर्माकोलवर ह्यो स्प्रे थेट मारला तर चालतंय का?"

चालत नाही. आधी सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदाचा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा. नाहीतर स्प्रे थर्माकोल खातो. माझे स्वतःचे डोंगर वाया घालवून मी हे शिकलो होतो. आणि मी काय म्हणालो?

"चालतंय की. मार बिनधास्त."

जीभ घसरली नव्हती. मला तो घाट विरघळलेलाच हवा होता.

विरघळला. पुण्याला मग मी केलेला घाट गेला. त्यांनी वाखाणलं, मी ऐकून घेतलं. धना सगळ्यांना सांगत राहिला, "दादानं बरुबर सांगितलं हुतं, माझाच हात जड पडला." त्यानंतर त्यानं सुरी धरली नाही.

तो अजून रविवारी येतो. माझ्या कड्यावर आपला लढवय्या ठेवतो आणि म्हणतो, "आपल्याला न्हाई बा जमत, दादा. तुझ्या हातात लय कला हाय."

मी म्हणतो, "फासे टाक."